थोरल्याच्या नावावर मेलेला धाकटा

पुसदच्या बकरा बाजारातून आलेली ती खबर मी अजून विसरलेलो नाही. चौतीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, माणसं बोलून न बोलून किती प्रकारे खोटं बोलतात ते पाहिलं. त्यातलं बरंचसं आता एकमेकांत मिसळून गेलं आहे. हे प्रकरण मात्र वेगळं राहिलं, आणि ते काही मी त्यात मोठा पराक्रम केला म्हणून नाही.

मी तेव्हा पुसद भागातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. सकाळची हजेरी आटोपून मी डायरीवर सही करत होतो, तेवढ्यात आमचा एक जुना खबरी आत आला. हा बाजारात बकऱ्यांची दलाली करायचा. बोलायला फटकळ, पण खबर पक्की आणायचा.

"साहेब, विमानात मेलेला माणूस बाजारात बकऱ्या विकून राह्यला."

"सकाळीच घेतली का रे?" मी विचारलं.

"तुमी हसा. उजव्या हाताची दोन बोटं नाईत त्याची. मी त्याच्यापासून आधीबी बकऱ्या घेतल्यात. बस स्टँडवर महिनाभर त्याचाच बॅनर होता, साहेब. मी काय आंधळा हाओ का?"

बॅनर म्हटल्यावर मला सगळं आठवलं.

त्याच्या वीस महिने आधीची गोष्ट. आमच्या हद्दीतल्या एका बंजारा तांड्यावरचा माणूस आखातात डंपर चालवायला गेला होता. सुट्टीवर घरी येताना वाटेतल्या एका परदेशी विमानतळावर त्याचं विमान उतरता उतरता पेटलं. मृतदेह ओळखण्यापलीकडे गेले होते. त्याच्या आईचं रक्त यवतमाळला घेतलं, तपासणीला पाठवलं, आणि काही आठवड्यांनी एक सीलबंद पेटी नागपूरहून रस्त्यानं तांड्यावर आली. पेटी उघडायची नाही असा आदेश होता. गर्दी होणार म्हणून बंदोबस्त माझाच होता. पुढारी आले, भाषणं झाली, बस स्टँडवर श्रद्धांजलीचा बॅनर लागला. पासपोर्टवरचाच फोटो मोठा करून त्यावर छापला होता.

पुढे तहसीलमधून वारसांच्या चौकशीचा कागद ठाण्यात आला. मृताचे वारस कोण, ते पडताळून कळवा. मी बीट हवालदाराला पाठवलं, त्यानं लिहून आणलं, आणि मी खुर्चीत बसून सही ठोकली. मृत : थोरला मुलगा. वारस : पत्नी, दोन मुलं, आई. धाकटा भाऊ : ऊसतोडीला गेला आहे. माझ्या हातून अशा किती सह्या झाल्या असतील, देव जाणे.

आता तोच थोरला बाजारात उभा होता म्हणे.

आम्ही साध्या कपड्यांत गेलो. माणूस सापडला. चाळिशीच्या आतबाहेरचा, उन्हानं काळवंडलेला. बकऱ्यांच्या दोऱ्या डाव्या हातात धरलेल्या आणि उजवा हात शर्टाच्या खिशात. पोलीस म्हटल्यावर पळाला नाही. दोऱ्या शेजारच्याच्या हातात दिल्या आणि गाडीत येऊन बसला. पळून न जाणारा आरोपी पाहिला की मला बरं वाटत नाही. एक तर तो निर्दोष असतो, नाहीतर थकलेला असतो.

ठाण्यात आल्यावर त्यानं आधार कार्ड काढून टेबलावर ठेवलं. नाव धाकट्या भावाचं होतं.

"मी धाकटा हाओ, साहेब. मोठा भाऊ वारला माहा. तुमी तर होते तवा."

"बोटं कशी गेली?"

"चरकात."

फोटो अंधुक होता आणि दोघा भावांचा तोंडवळा एकच. त्यामुळे कार्डावरून काही कळत नव्हतं. मी मारहाणीच्या बाजूचा अधिकारी कधीच नव्हतो. मी त्याला हवालदाराच्या टेबलाजवळच्या बाकावर बसवलं आणि चहा दिला. दुपारपर्यंत काही विचारलं नाही. ठाण्यात येणारे-जाणारे, वायरलेसची खरखर, तक्रारदारांची भांडणं ऐकत तो बसून राहिला. गप्प बसवलेला माणूस आपोआप बोलायला लागतो असा माझा अनुभव. हा बोलला नाही. दुपारी एवढंच म्हणाला, "बकऱ्याले पाणी पाजलं असन ना कोनी?"

माझं डोकं तोवर ठरलेल्या वाटेनं धावत होतं. विमान अपघातात मेलेल्याच्या घरच्यांना मोठी भरपाई मिळते. माणूस जिवंत आहे. म्हणजे हे भरपाईसाठी रचलेलं नाटक. मग पेटीत कोण होतं? आईच्या रक्ताशी कोणाचं रक्त जुळलं? हा प्रश्न मी स्वतःला नीट विचारला असता तर उत्तर तिथंच मिळालं असतं. पण संशय आला की पोलिसाची मान एकाच बाजूला वळते.

तो स्वतःला धाकटा म्हणवत होता, तेव्हा धाकट्याच्या बायकोनं ओळखायला हवं. बायामाणसांना जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, आपण जावं लागतं. म्हणून त्याला जीपमध्ये घेतलं, आमच्या महिला हवालदार बाईंना सोबत घेतलं आणि तांड्यावर गेलो.

जीप शिरली तशी बाहेर बसलेली माणसं उठून आत गेली. एवढ्या मोठ्या तांड्यात कोणी विचारलं नाही की काय झालं. तिथं मला पहिल्यांदा वाटलं की यातलं सगळं सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ठाऊक नाही ते फक्त मला.

घरात तिघी होत्या. म्हातारी आई भिंतीला टेकून बसलेली. थोरल्याची बायको, जी कागदावर विधवा होती, तिचं कपाळ मोकळं. आणि धाकट्याची बायको, ठसठशीत कुंकू लावलेली, हातात हिरव्या बांगड्या. तिची सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत गेली होती. मी त्या माणसाला दारात उभं केलं आणि धाकटीला विचारलं, "बाई, हा तुझा नवरा का?"

तिनं एकदा पाहिलं. पदर डोक्यावरून पार छातीपर्यंत ओढला, भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाली, "हो."

"नीट पाहून सांग."

"हो म्हनलं ना, साहेब."

मी जबाब लिहायला कागद काढला. तेवढ्यात हवालदार बाईंनी मला खुणेनं अंगणात बोलावलं. बाई मूळच्या दिग्रसकडच्या, शेजारीच तांडा असलेल्या गावात वाढलेल्या.

"साहेब, नवऱ्यासमोर कोनी एवढा पदर घेते का? असा पदर भासऱ्यासमोर घेतात."

भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. त्याच्यासमोर धाकट्या सुनेनं तोंड उघडं ठेवायचं नाही, त्याच्याकडे पाठ करून बसायचं, ही त्यांच्यात जुनी रीत आहे. तोंडानं ती खोटं बोलली होती, पण हातांना ते जमलं नव्हतं. वर्षानुवर्षांची सवय तिच्याही आधी पुढं आली.

मी आत गेलो. थोरल्याला म्हणालो, "तुझ्या भावजयीनं सांगितलं सगळं." तिनं काही सांगितलं नव्हतं. पण तो दारातच खाली बसला. म्हातारी तेव्हा पहिल्यांदा रडली, आणि रडता रडता तिनं जे नाव घेतलं ते थोरल्याचं नव्हतं. धाकट्याचं होतं.

मग त्यानं सांगितलं ते असं.

थोरला दहावी झालेला, वणीच्या कोळसा खाणीत ठेकेदाराचा डंपर चालवायचा. वणीतल्या एका एजंटानं त्याचा पासपोर्ट काढून दिला, आखातातलं काम लावलं. व्हिसा आला, आणि निघायच्या पंधरा दिवस आधी डंपरचा मागचा फाळका हातावर पडला. दोन बोटं गेली. आता गिअर धरता येईना. धाकटा तीन-चार वर्षं त्याच्याच डंपरवर क्लीनर होता आणि गाडी उत्तम चालवायचा. पण तो सातवी. त्याचा पासपोर्ट नव्हता, आणि असता तरी कमी शिकलेल्यांना बाहेर पाठवायची सरकारी परवानगी काढायला वेळ लागला असता.

"मंग तो गेला माह्या जागी," थोरला म्हणाला.

"असं जाता येतं का कोणाच्या पासपोर्टवर? तुला कळलं नाही हा गुन्हा आहे?"

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला खरंच माझा प्रश्न कळला नव्हता.

"साहेब, कोयता कोनाच्याबी नावावर असते. याडीच्या नावावर कोयता होता तवा आमी दोघं गेलतो. माह्या नावावर होता तवा माहा मेव्हना गेलता. मुकादम काई म्हनत नाई. घरचा मानूस पायजे, बस."

याडी म्हणजे आई. आणि कोयता म्हणजे ऊस तोडणाऱ्या दोघा मजुरांची एक जोडी. दिवाळीनंतर या तांड्यांवरून टोळ्या पश्चिमेकडे जातात. मुकादमाच्या वहीत एका घराचं एक नाव लागतं. तो माणूस आजारी पडला, त्याच्या घरी लग्न निघालं, तर त्याचा भाऊ जातो, साडू जातो. वहीतलं नाव बदलत नाही. काम झालं पाहिजे, माणूस त्या घरचा पाहिजे. पिढ्या न् पिढ्या असंच चाललेलं. व्हिसा आला तो त्यांच्या हिशेबी घराला आला. थोरल्याचा हात मोडला म्हणून धाकटा गेला. कोणाला फसवतो आहोत असं त्यांच्या मनाला शिवलंही नाही. ज्याला सगळं कळत होतं तो एजंट मात्र गप्प बसला, कारण त्याचं कमिशन बुडलं असतं.

धाकटा दोन वर्षं तिकडं थोरल्याच्या नावानं राबला. आणि थोरल्याच्याच नावानं मेला. रक्ताच्या तपासणीनं सांगितलं की हा या बाईचा मुलगा. कोणता मुलगा, ते पासपोर्टनं सांगितलं. आणि पासपोर्टवर शंका घ्यायचं माझं काम होतं, ते मी केलं नाही.

बातमी आली त्याच दिवशी एजंट तांड्यावर हजर झाला होता. त्यानं सांगितलं, खरं बोललात तर भरपाई नाही आणि सगळं घर जेलात. थोरल्यानं नाहीसं व्हायचं. त्याच्या बायकोनं विधवा व्हायचं. धाकटीनं सवाष्ण राहायचं, कारण तिचा नवरा ऊसतोडीला गेला आहे. थोरला पैनगंगेपलीकडे बहिणीच्या गावी शेतातल्या झोपडीत जाऊन राहिला. वीस महिने असाच राहिला. त्या दिवशी बाजारात आला तो आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी बकऱ्या विकायला.

त्या वेळी धाकटी भिंतीकडे तोंड करूनच बोलली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता.

"मेला माहा मानूस, अन् रडली माही जाऊ. मी आत चुलीपाशी बसून होती. बाहेर रडली असती तर लोकाईनं इचारलं असतं, तू कायले एवढी रडतं. वीस महिने झाले, साहेब, मी रोज कुकू लावून राह्यली. माह्या पोरीले सांगतलं, बाप ऊस तोडून राह्यला, येईन."

थोरल्याची बायको तिच्या शेजारी बसली होती. ती म्हणाली, "मी रोज पुसते, हे रोज लावते. एकमेकीकडे पाहत नाई आमी."

मी जबाबासाठी काढलेला कागद हातातच धरून उभा होतो. माझ्या चौतीस वर्षांत मला इतकं ओशाळं कधी वाटलं नाही.

थोरल्यानं हात जोडले. "साहेब, मले मेलेलाच राहू द्या. पैसे येतीन ते धाकटीच्या पोरीले देतो. याडीची शपत. मी नदीपल्याडच मरन. तुमी कागद फाडून टाका."

मी धाकटीला विचारलं, तुझं काय म्हणणं आहे. तिनं हातातल्या बांगड्या मागं सारल्या. मग म्हणाली, "पैसे पायजेत. खोटं कायले बोलू. पोरीले शिकवा लागते. पन ते माह्या मान्साच्या नावानं आले पायजेत. त्याच्या नावावर काई नाई या जगात. मरन तरी त्याचं त्याच्या नावावर असू द्या."

एवढंच तिचं मागणं होतं. नवऱ्याचं मरण त्याच्या स्वतःच्या नावावर लागावं आणि त्या मरणाचं कायद्यानं जे काही देणं आहे ते तिच्या मुलीला मिळावं. मी शब्द दिला. पोलीस अधिकाऱ्यानं असा शब्द देऊ नये, पण दिला.

मग काम सुरू झालं, आणि मी त्यात तरबेज होतो. फसवणूक, खोटी कागदपत्रं आणि पासपोर्ट कायदा यांखाली गुन्हा नोंदवला. थोरल्याला अटक करावी लागली. त्याला गाडीत बसवताना त्याच्या बायकोनं त्याच्या खिशात भाकर घातली. वणीला जाऊन एजंटाच्या दुकानाची झडती घेतली. एजंट सुरुवातीला भलताच तोऱ्यात होता. त्याच्या डोळ्यांदेखत मी एकेक फाईल उघडत गेलो तसा त्याचा आवाज खाली आला.

"साहेब, यात माझं काय चुकलं? विमान कंपनीचं आंतरराष्ट्रीय कायद्यानं ठरलेलं असतं. मेलेला मजूर असो का शेठ, एका मर्यादेपर्यंत कंपनी वाद घालत नाही. तेवढं मिळणारच होतं. कोणाच्या नावानं मिळालं त्यानं काय फरक पडतो?"

"त्या मर्यादेच्या वर?"

"वर काही नाही. कायद्यानं तेवढीच किंमत ठेवली आहे माणसाची."

त्यानं तांड्यावरही हेच सांगितलं होतं, आणि त्या तेवढ्यातला अर्धा वाटा स्वतःसाठी लिहून घेतला होता. फाईलमध्ये भरपाई मागणारा अर्ज होता. थोरल्याच्या बायकोचा अंगठा, आणि खाली विमान कंपनीच्या कार्यालयाचा पोच शिक्का. बोलता बोलता एजंट म्हणाला की यात दोन वर्षांची मुदत असते, म्हणून मी अर्ज लगेच देऊन ठेवला. मी शिक्क्यावरची तारीख पाहिली. अपघातानंतर दोन महिन्यांच्या आतली. मला हायसं वाटलं. चला, या भामट्यानं निदान एक काम वेळेवर केलं.

हीच माझी चूक. ती पुढं नीट सांगतो.

धाकटीच्या मुलीचं रक्त घेतलं आणि नागपूरच्या प्रयोगशाळेला पाठवलं. परदेशातून मृतदेहाचा अहवाल मागवला. मुलगी मृताचीच आहे हे सिद्ध झालं की मृत्यू नोंद दुरुस्त होणार, मग वारस बदलणार, मग भरपाई योग्य हातात जाणार. साखळीच्या सगळ्या कड्या मला डोळ्यांपुढे दिसत होत्या. तपासाची आखणी झकास होती, हे मी आजही म्हणेन.

मधे एकदा धाकटी ठाण्यात आली. मुलीला शाळेत सोडून, एसटीनं. तिनं विचारलं, "साहेब, वकील पाह्यला पायजे का आता?"

मी म्हणालो, "आधी अहवाल येऊ दे. पुरावा हातात नसताना वकिलाकडे गेलं तर तो फक्त फी घेतो. अर्ज तर दाखल आहेच मुदतीत."

"तुमी म्हनता तसं," ती म्हणाली आणि गेली.

प्रयोगशाळेत नंबर लागायला वेळ लागतो. मी दोन स्मरणपत्रं पाठवली. मधे सणांचे बंदोबस्त आले, एक निवडणूक आली. पाच महिन्यांनी अहवाल आला. मुलगी मृताचीच. मी स्वतः तो कागद घेऊन धाकटीला आणि थोरल्याच्या बायकोला सोबत नेऊन नागपूरच्या एका वकिलांकडे गेलो. थोरला तोवर जामिनावर सुटला होता. वकील वयानं तरुण, पण याच विषयातले. त्यांनी अहवाल वाचला, गुन्ह्याची नोंद वाचली, अर्ज वाचला.

"दावा कोणत्या न्यायालयात आहे?"

"हा काय अर्ज. पोच आहे."

"साहेब, हे कंपनीला लिहिलेलं पत्र आहे. मी न्यायालयातला दावा विचारतो."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. थोरल्यानं माझ्याकडे तांड्यावर जसं पाहिलं होतं, तसाच मी पाहत असेन.

त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. आंतरराष्ट्रीय प्रवासात प्रवासी मेला तर विमान कंपनीची जबाबदारी एका करारानं ठरते, आणि तो करार आपल्या देशाच्या कायद्यात आहे. ठराविक रकमेपर्यंत कंपनीला आपली चूक नव्हती असं म्हणताच येत नाही. ती रक्कम रुपयांत नसते, डॉलरमध्येही नसते. आंतरराष्ट्रीय हिशेबासाठी केलेल्या एका एककात असते, जे कोणाच्याही खिशात नसतं. त्या मर्यादेच्या वरही मागता येतं. तिथं फक्त कंपनीला आपला निष्काळजीपणा नव्हता हे सिद्ध करायची संधी मिळते. म्हणजे एजंट म्हणाला तशी ती माणसाची किंमत नव्हती. ती नुसती एक पायरी होती.

"आणि प्रवासी म्हणजे प्रत्यक्ष विमानात बसलेला माणूस," ते म्हणाले. "नाव चुकीचं होतं म्हणून कंपनी भांडली असती. पण ते भांडण लढता आलं असतं. त्याचं कुटुंब हेच आहे, हा अहवाल उत्तम आहे."

"मग?"

"मग काही नाही. विमान ज्या दिवशी पोचायला हवं होतं त्या दिवसापासून दोन वर्षांत न्यायालयात दावा टाकावा लागतो. पत्रव्यवहार चालू होता, पोलीस तपास चालू होता, अहवाल यायचा होता, यातलं काहीही चालत नाही. दोन वर्षं संपली की हक्कच संपतो. न्यायाधीशालाही ती मुदत वाढवता येत नाही. तुम्ही पाच-सहा आठवडे आधी आला असता तर मी नुसता दावा टाकून ठेवला असता. अहवाल मागून दिला असता तरी चाललं असतं."

आमच्या खात्यात अर्जावर आवक क्रमांक पडला की तो अर्ज जिवंत झाला असं आम्ही धरतो. शिक्का आहे ना, मग मुदत थांबली. आणि पुरावा पुरा झाल्याशिवाय न्यायालयाचं तोंड पाहायचं नाही, हे माझ्या हाडात मुरलेलं. थोरला आपल्या रीतीनं चालला आणि गुन्हेगार ठरला. मी माझ्या रीतीनं चाललो, आणि मला त्या तपासाबद्दल वरिष्ठांचं प्रशस्तिपत्र मिळालं.

धाकटी वकिलांच्या खोलीत कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली होती. मधे मला फोन आला म्हणून मी थोडा वेळ बाहेर गेलो होतो. तिला किती कळलं ते मला समजलं नाही. परतीच्या वाटेवर मी एवढंच सांगितलं की मुदत संपली, कायदा कडक आहे. मुदत कोणाच्या सांगण्यावरून संपली ते मी बोललो नाही. ती खिडकीबाहेर बघत होती. आर्णी गाव मागं पडल्यावर तिनं विचारलं, "नाव तर लागन ना त्याचं?" मी हो म्हणालो.

तरी वकिलांनी कंपनीला पत्र लिहून पाहिलं. अत्यंत सभ्य भाषेत उत्तर आलं. कुटुंबाच्या दुःखात सहभागी आहोत, परंतु. त्या परंतुच्या पुढं सगळा कायदा होता आणि तो बरोबर होता.

थोरल्यानं गुन्हा कबूल केला. त्याला काही महिन्यांची कैद आणि दंड झाला. एजंटानं कबूल केला नाही, त्यामुळे त्याचा खटला अजून चालू आहे आणि तो बाहेर आहे. मृत्यू नोंद बदलायला न्यायालयाचा आदेश लागला, त्यात आणखी वर्ष गेलं. मी निवृत्त व्हायच्या आदल्या महिन्यात ग्रामसेवक नवा दाखला घेऊन तांड्यावर गेला. हवालदार बाई मुद्दाम गेल्या होत्या, त्यांनी मला सांगितलं. धाकटीनं दाखल्यावरचं नाव मुलीकडून दोनदा वाचून घेतलं आणि मग बांगड्या फोडल्या. नवरा जाऊन तेव्हा तीन वर्षं उलटली होती. त्या दिवशी ती बाहेर अंगणात बसून मोठ्यानं रडली, आणि तिला कोणी विचारलं नाही की तू कायले रडतं.

मी आता यवतमाळला लोहाऱ्याच्या बाजूला राहतो. व्याख्यानाला बोलावतात तेव्हा नव्या मुलांना सांगतो की तपास म्हणजे सगळं नव्हे. आपल्याला जे कायदे रोज लागतात ते आपल्याला पाठ असतात, आणि त्या पाठांतराच्या जोरावर आपण न वाचलेल्या कायद्याबद्दलही ठामपणे बोलतो. समोरचा माणूस खाकीकडे पाहून मान हलवतो. त्याला वाटतं, साहेबाला माहीत असेल. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावं. हे दोन शब्द मी त्या बाईला त्या दिवशी म्हणालो असतो, तर ती एसटीनं परत न जाता नागपूरला गेली असती.

मुलं वहीत लिहून घेतात. पण जिला सांगायला हवं होतं तिला मी सांगितलेलं नव्हतं. मागच्या वर्षी ते ओझं असह्य झालं, म्हणून मी तांड्यावर गेलो. थोरल्यानं खाट टाकली. धाकटी शेतातून नुकतीच आली होती, हातपाय धुऊन दाराशी उभी राहिली. मी तिला सांगितलं. तू वकिलाचं विचारायला आलीस तेव्हा मीच थांब म्हणालो, ते चुकलं, मला तो कायदा ठाऊक नव्हता, तुझ्या मुलीचा हक्क माझ्यामुळे गेला.

तिनं ओले हात पदराला पुसले.

"मले मालूम होतं, साहेब," ती म्हणाली. "वकिलानं त्याच दिवशी सांगतलं, तुमी बाहेर फोनवर होते तवा. तुमी कवा सांगता ते पाहून राह्यली होती मी."

मी माफी मागितली. ती आत गेली आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आली. तांब्या माझ्या हातात न देता तिनं खाटेजवळ जमिनीवर ठेवला.